वरच्या ठाकरवाडीला सातबारा आहे, खालच्या कातकरवाडीला नाही: आदिवासी विकास विभागाला खुलं पत्र

प्रति,
आदिवासी विकास विभागातले साहेब लोक, प्रकल्प कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत जे कोणी वाचतील ते सगळे,
आणि सोबत आमच्या ठाकर समाजातली शिकलेली मंडळी (तुमच्यासाठीही आहे हे, मधेच सोडून पळू नका)

नमस्कार साहेब.

मी ठाकर. रायगड जिल्ह्यातल्या एका ठाकरवाडीत जन्मलो, तुमच्याच आश्रमशाळेत शिकलो, डीएड केलं आणि आता झेडपीच्या शाळेत मास्तर आहे. नोकरीत असल्यामुळे नाव, वाडी, तालुका काही घालत नाही, समजून घ्या. आमची वाडी डोंगराच्या सोंडेवर आणि खाली नदीच्या काठाला कातकरवाडी, मधे चालत दहा मिनिटांची पायवाट, पावसाळ्यात पंधरा. दोन्हीकडे जंगल तेच, पाऊस तोच, ग्रामपंचायत तीच, आणि तुमच्या फॉर्मवर रकाना पण तोच, अ.ज. म्हणजे अनुसूचित जमाती म्हणून. त्या एका रकान्याबद्दलच हे पत्र आहे.

कारण तुम्ही तालुक्याचा आकडा काढता की एवढी आदिवासी मुलं दहावी झाली, एवढ्यांना घरकुल मिळालं, एवढे नोकरीला लागले, तेव्हा तो आकडा ऐकून बरं वाटतं, पण त्यात वरच्या वाडीचे किती आणि खालच्या वाडीचे किती हे कुणी विचारत नाही. मी विचारलं, आमच्यापुरतं, बोटावर मोजून. आमच्या वाडीत आज सरकारी नोकरीत मी धरून पाच जण आहेत, दोन नर्स, एक पोलीस, एक तलाठी, एक मी. खालच्या वाडीत एकही नाही. बारावी झालेला एक पोरगा आहे तो हायवेवरच्या हॉटेलात आहे. आता दहा मिनिटांच्या अंतरात हा फरक कुठून आला, पाण्यात काही फरक आहे का? पाणी तर आम्ही एकाच नदीचं पितो.

जमिनीपासून सुरू करतो कारण सगळं तिथूनच निघतं.

माझा आजा सावकाराची जमीन कसायचा, खंडाने. कुळकायदा आला, मग १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन आला, म्हणजे त्या दिवशी जो कूळ म्हणून कसत होता तो जमिनीचा मालक मानला गेला, आणि आज्याचं नाव कूळ म्हणून कागदावर लागलेलं होतं. का लागलेलं होतं, तर तो वर्षभर तिथेच असायचा, तलाठी आला तेव्हा बांधावर उभा होता, गावातल्या चार माणसांनी हो हाच कसतो म्हणून सांगितलं. पुढे ३२ ग ची केस चालली, किंमत ठरली, आज्याने ती हप्त्याहप्त्याने फेडली, म्हशी विकून फेडली असं बा सांगायचा. दीड एकर वरकस आणि वीस गुंठे भाताची. फार नाही, पण सातबारा झाला. त्या सातबाऱ्यावर सोसायटीचं पीककर्ज मिळालं, त्यावर घर झालं, घराला नंबर मिळाला, लाईट आली, आणि पोराला शाळेत ठेवायची हिंमत आली, म्हणजे मी.

कातकरी तेव्हा कुठे होते? कोळसा भट्टीवर. हे लोक मुळात काथ पाडणारे, नावातच ते आहे, खैराचं लाकूड शिजवून काथ काढायचे. इंग्रजांनी १८६५ आणि १८७८ चे जंगल कायदे आणले, खैर राखीव झाला, काथ पाडणं म्हणजे चोरी झाली. एखाद्या सुताराला सांगितलं की लाकडाला हात लावायचा नाही तर तो काय करेल, तसंच झालं यांचं. मग जंगलाच्या ठेकेदारांनी त्यांना कोळसा पाडायला नेलं, मुंबईला कोळसा लागायचा, आणि हे आठ आठ महिने बाहेर. तलाठी येतो तेव्हा माणूस गावात नाही. ज्याच्या जमिनीवर झोपडी आहे तो मालक म्हणतो माझ्याकडे राबतात म्हणून बसवलेत, आणि तेच कागदावर राहिलं. कुळकायदा त्यांच्या शेजारून निघून गेला आणि त्यांना कळलं पण नाही.

म्हणून आजही कितीतरी कातकरवाड्या खाजगी मालकाच्या जमिनीवर आहेत, गावठाणात नाहीत. तीन पिढ्या एकाच जागी राहून जागा त्यांची नाही. आणि पूर्वी मालकाला फरक पडत नव्हता, फुकट राबणारी माणसं हवीच होती त्याला, पण आता कर्जत खालापूर पेण सुधागड पट्ट्यात फार्महाऊसवाले आलेत, गुंठ्याला भाव आलाय, आणि मालकाची पुढची पिढी मुंबईत बसून जमीन विकते. विकत घेणारा पहिलं काम काय करतो तर तारेचं कुंपण. आमच्या खालच्या वाडीत मागच्या उन्हाळ्यात कुंपण पडलं तेव्हा वाडीतली विहीर कुंपणाच्या पलीकडे गेली. बाया तारेखालून हंडे सरकवून पाणी भरत होत्या, एक जण पलीकडे वाकून भरणार आणि दुसरी अलीकडून ओढून घेणार. मी स्वतः बघितलं. तक्रार केली तर सांगण्यात आलं की जमीन खाजगी आहे.

आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जाऊ नये म्हणून महसूल कायद्यात ३६ आणि ३६ अ कलम आहे. चांगलं कलम आहे, आमच्या आज्याचे वीस गुंठे त्यानेच टिकले, दोनदा एजंट येऊन गेला होता. पण ज्याच्याकडे जमीनच नाही त्याचं ते कलम काय राखणार.

तेच वनहक्काचं. २००६ चा कायदा आला, १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवा. रायगडात दळीच्या जमिनी आहेत, डोंगरउतारावर नाचणी वरी करायला इंग्रजांच्या काळापासून दिलेल्या, त्यात ठाकरही होते कातकरीही होते. आमच्या वाडीतल्या लोकांनी दावे केले, दंडाच्या जुन्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपलेल्या होत्या, त्या जोडल्या. खालच्या वाडीतल्या मावशीला विचारलं पावती कुठेय, ती म्हणाली, "मास्तर, दर साली खोप मोडून भट्टीवर जातो, खोपीसंगं कागद बी जातो." आता हा पुरावा तुमच्या समितीपुढे कसा ठेवायचा ते सांगा.

आणखी एक गोष्ट जी मुंबईतल्या लोकांना माहीतच नसते, रायगड जिल्हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी क्षेत्रांच्या यादीत नाही. शेजारचं ठाणे, पालघर, पुणे, नाशिक यांचे भाग आहेत, रायगड नाही. म्हणजे पेसा, तिकडच्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, इथे लागू नाही. वाडीची वेगळी ग्रामसभा वगैरे जे काही तिकडे निदान कागदावर आहे ते इथे कागदावरही नाही. तीस घरांची कातकरवाडी तीन हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीला जोडलेली, आणि ग्रामसभा लागते जानेवारीत, जेव्हा वाडीत म्हातारी माणसं आणि कुत्री सोडून कुणी नसतं.

आता भट्टीचं सांगतो, आताची भट्टी कोळशाची नाही, विटांची.

गणपती झाले की मुकादम यायला लागतो. पावसाळ्यात यांच्याकडे काही नसतं, आजारपण, लग्न, काहीतरी अडलेलं असतंच, तो वीस-पंचवीस हजार उचल देतो, जोडप्याला. जोडप्याला म्हणजे नवरा बायको मिळून एक युनिट, बायकोची वेगळी मजुरी नाही, तिच्या हातात पैसा येत नाही. दिवाळी झाली की टेम्पो येतो, त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं. भट्टीवर कच्च्या विटा रचून कमरेएवढी खोप करायची, वरून पेंढा नाहीतर प्लास्टिक. पहाटे तीनला उठून चिखल मळायचा, विटा पाडायच्या. आणि विटा वाळताना त्या उलट्या कराव्या लागतात, ते काम लहान पोरांचं. कारण चार-पाच वर्षांचं पोर ओल्या विटांच्या रांगेवरून चाललं तर वीट दबत नाही. हे मला माझ्या शाळेतल्या तिसरीतल्या मुलीने समजावून सांगितलं, अगदी हुशारीने, पाढा सांगावा तसं.

आठवड्याला खर्ची मिळते, तांदूळ तेल मिरची आणि थोडे पैसे. जेठ महिन्यात शेठ हिशोब करतो. हिशोब म्हणजे काय तर हजार विटांचा भाव गुणिले विटा, वजा उचल, वजा खर्ची, वजा फुटलेल्या विटा, वजा आजारी पडला ते दिवस. बहुतेक वेळा राहिलेले पैसे शेठचेच निघतात आणि ते पुढच्या वर्षावर. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे साहेब, पन्नास वर्षं होत आली. पण तुमचा अधिकारी भट्टीवर जातो आणि विचारतो तुम्हाला कुणी बांधून ठेवलंय का. साखळी शोधतात. अहो साखळी नाही, वही आहे.

आमच्यातले लोक भट्टीवर जात नाहीत असं नाही, जातात, पण कमी, आणि गेले तरी मागे वीस गुंठे आहेत, भात झोडून जातात, सणाला परत येतात, शेठ जास्त बोलला तर सोडून येतात. घर आहे ना परत यायला. बाकी वेळ करवंदं, जांभळं, शेवळं, पावसाळी भाज्या बाजारात नेतात, माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांमधले तर पिढ्यानपिढ्या डोक्यावरून माल वर पोचवतायत. श्रीमंत नाही कुणी. इर्शाळवाडी आठवत असेल, १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली ती, ती ठाकरवाडीच होती, रस्तासुद्धा नव्हता वर जायला. तेव्हा मी काही आम्ही सुखात आहोत असं सांगत नाहीये. मी एवढंच सांगतोय की आमच्या पायाखाली थोडी माती आहे आणि त्यांच्या नाही, आणि एवढ्याने एका पिढीत मास्तर होतो आणि दुसरीकडे तिसरी पिढी चिखल मळते.

शाळेचं मी रोज बघतो. जूनला पट भरतो, कातकऱ्यांची पोरं येतात, चुणचुणीत असतात, नदीतल्या माशांची नावं मला माहीत नाहीत तेवढी त्यांना माहीत. दिवाळीची सुट्टी संपली की पटावर नावं आणि वर्गात बाकं. आम्ही शिक्षण हमी कार्ड भरून देतो, की जिथे जाल तिथल्या शाळेत दाखवा. भट्टीपासून शाळा चार किलोमीटर आणि पोराला विटा उलटायच्यात, कोण दाखवणार कार्ड. ऊसतोड कामगारांच्या पट्ट्यात हंगामी वसतिगृहं चालतात, आईबाप गेले तरी पोरं गावात राहतात, ते आमच्याकडे वाडीच्या पातळीवर का होत नाही हे मी मीटिंगमध्ये विचारलं होतं. उत्तर आलं की आश्रमशाळा आहे ना. आहे. पण आश्रमशाळेत कातकऱ्याचं पोर का टिकत नाही ते मला विचारा, कारण ते न टिकण्यात माझाही हात आहे.

हे आता आमच्या लोकांसाठी.

आश्रमशाळेत माझ्या वर्गात एक कातकरी मुलगा होता. जेवायला आम्ही सगळे ठाकर आणि महादेव कोळी एका रांगेत आणि तो शेवटी भिंतीला. कुणी सांगितलं नव्हतं, तसंच होतं. त्याला आम्ही उंदऱ्या म्हणायचो, कारण कातकरी उंदीर खातात. मी पण म्हणायचो. एकदा त्याच्या ताटात कुणीतरी मेलेला उंदीर टाकला, आणि तो काही बोलला नाही, ताट उचलून मागे गेला, धुतलं आणि परत येऊन बसला, पण त्याला परत भात वाढला नाही कुणी. दुसऱ्या दिवशी तो पळून गेला. आश्रमशाळेच्या रजिस्टरवर त्याच्या नावापुढे गळती लिहिलं असणार. आमच्या घरी कातकरीण मासे, खेकडे घेऊन यायची तेव्हा आजी तिला पाणी वरून ओतायची, ओंजळीत. गावातले वाणी बामण आमच्या आजीला तसंच वरून ओतायचे, आणि ते ती आम्हाला रागाने सांगायची. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या, आणि तिला त्यात काही विसंगत वाटलं नाही. आता वरून कुणी ओतत नाही, ग्लास देतात, पण कातकऱ्याच्या घरचं लग्नाचं जेवण आपल्यातले किती जण जेवून आलेत, हात वर करा.

समाजाच्या मेळाव्यात आपण चिरनेरचा जंगल सत्याग्रह सांगतो, २५ सप्टेंबर १९३०, आदिवासींनी रक्त सांडलं म्हणतो. तिथल्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होता. हुतात्मा झाला की तो आपला आदिवासी, आणि जिवंत असला की कातकरी, असं चाललंय आपलं.

जातीच्या दाखल्याचं बघा. आपलं भांडण व्हॅलिडिटीचं, म्हणजे मिळालेला दाखला समितीकडून खरा ठरवून घेण्याचं. ठाकूर नावाचे भलतेच लोक यादीत घुसतात, १९७६ च्या दुरुस्तीने ठराविक तालुक्यांतल्यांनाच धरायचं हे बंधन गेलं तेव्हापासून हे सुरू आहे, मग समिती आपल्यालाच देव कुठला, लग्नात काय करता विचारते, त्यावर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलो आपण, मार्च २०२३ ला निकाल आला की ही देव-लग्न विचारायची आप्तभाव चाचणी हीच काही शेवटची कसोटी नाही. चांगलं झालं. (त्यामुळे ठाकर म्हणून जनगणनेत जो साडेपाच लाखांच्या वर आकडा दिसतो, २०११ चा, त्यात खरे डोंगरातले किती हा प्रश्न आहेच, आणि कातकरी साधारण २ लाख ८५ हजार, त्यांच्यात घुसायला कुणी येत नाही, कातकरी व्हायला कुणाला आवडेल.) पण त्यांचं भांडण व्हॅलिडिटीपर्यंत येतच नाही, पहिल्या दाखल्यावरच अडतं. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा द्या. ज्याचा आजा शाळेत गेला नाही, ज्याचं घर मालकाच्या जागेवर, ज्याचा जन्म भट्टीवर, त्याने १९५० चा कागद कुठून आणायचा? तरी तो बघितल्याबरोबर सगळ्या गावाला माहीत असतं की हा कातकरी आहे. गावात जात पुसली जात नाही आणि तहसीलला सिद्ध होत नाही.

ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टाने अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण, म्हणजे जास्त मागासांना आरक्षणात वेगळा वाटा, करता येतं असा निकाल दिला तेव्हा आपल्या ग्रुपवर काय मेसेज फिरत होते ते मी वाचलेत, आपल्या ७ टक्के आरक्षणाला हात लावाल तर वगैरे. अरे तो निकाल आपला नव्हताच आणि ७ टक्क्यांतला कातकऱ्याचा वाटा आपण खातोय असं पण मी म्हणत नाही, कारण तो वाटा मागायला दहावी झालेला कातकरी रांगेत उभाच नाही. रांगेत उभा राहील तेव्हा बघू आपलं मन केवढं आहे ते.

परत साहेबांकडे येतो.

कातकरी वेगळे आहेत हे तुम्हाला माहीत नाही असं नाही. राज्यात आदिम जमाती तीन, कातकरी, कोलाम, माडिया गोंड, केंद्राच्या ७५ च्या यादीत तिन्ही आहेत. १५ नोव्हेंबर २०२३ ला केंद्राची पीएम जनमन योजना आली, खास यांच्यासाठी, घराला २ लाख. साध्या घरकुलापेक्षा जास्त, मान्य. आमच्या शाळेत शिबिर लागलं, बॅनर लागला, आधार केंद्र आलं, चांगले दोन दिवस काम केलं लोकांनी, खोटं कशाला बोलू. मग यादी झाली, आणि ग्रामसेवकाने पहिलाच प्रश्न विचारला, जागा कुणाच्या नावावर? तिथे बसलेल्या चाळीस माणसांपैकी एकानेही हात वर केला नाही. जागा विकत घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजनेत १ लाखापर्यंत मिळतात म्हणे. या पट्ट्यात १ लाखात कुंपणाचा खांब आणि गेट येईल. मग ते घर "जागेअभावी प्रलंबित", आणि तुमच्या पोर्टलवर जिल्ह्याची टक्केवारी तरी छान दिसते, कारण ज्यांच्याकडे जागा आहे त्यांची घरं उभी राहिली.

म्हणून मागतो ते फार नाही. घराच्या आधी जागा. ज्या वाड्या खाजगी जमिनीवर आहेत त्यांची मोजणी करा, जमीन घ्या आणि गावठाण म्हणून नोंद करा. एमआयडीसीला, हायवेला, धरणाला भूसंपादन होतं, त्या मानाने तीस झोपड्यांखालची जमीन म्हणजे किती, दोन एकर? धरणाच्या वेळी कुणी प्रलंबित म्हणालं नाही. दाखले वाडीवर येऊन द्या, गृहचौकशी करून, आणि जूनमध्ये या, डिसेंबरमध्ये कुलूप बघायला येऊ नका. वाडीतच पोरं राहतील अशी हंगामी सोय करा, जेवण त्यांच्यातल्याच एखाद्या म्हातारीला करू द्या, ती वरून वाढणार नाही. आणि तो रकाना. आश्रमशाळेचा पट, वसतिगृह, शिष्यवृत्ती, घरकुल, नोकरी, जे जे अ.ज. म्हणून मोजता ते जमातवार मोजा आणि फलकावर लावा. आमचे लोक चिडतील, मला माहितीय, समाजात फूट पाडतो म्हणून मला पण ऐकवतील. ऐकवू द्या. फूट त्या पायवाटेवर आधीपासून आहे, मी फक्त तिथे राहतो.

हे लिहितोय तोवर खालच्या वाडीत मुकादम दोनदा येऊन गेला. तिसरीतल्या त्या मुलीच्या बापाने उचल घेतली, मला तिनेच सांगितलं, आणि विचारलं की या वर्षी कार्डावर फोटो लावणार का. दिवाळीनंतर टेम्पो येईल. मोजणीवाले त्याच्या आधी आले तर वाडीत माणसं भेटतील.

आपला,
तुमच्याच आश्रमशाळेत शिकलेला एक ठाकर